स्वस्तातली शार्डोने: कुठली ठेवायची, कुठली लगेच उघडायची

पांढऱ्या वाइनबद्दल दुकानदार, मित्र आणि इंटरनेट हे तिघंही एकच सल्ला देतात: महागडी असेल तर ठेवा, स्वस्त असेल तर या महिन्यात संपवा. सल्ला अगदीच चुकीचा नाही. जगात विकली जाणारी बहुतेक पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायचीच असते. पण थंड प्रदेशातल्या शार्डोनेला हाच नियम लावला की नुकसान आपलं होतं. तिच्यातल्या मधल्या किमतीच्या कितीतरी बाटल्या तीन-चार वर्षं नीट ठेवल्या तर पार बदलून जातात, आणि हा बदल फुकटात मिळतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. बाटली निवडताना नेमकं काय चाखायचं हे कळलं पाहिजे, आणि ती आपल्याकडचा उन्हाळा काढू शकेल अशी जागा घरात असली पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, पण तिच्याकडे नंतर येऊ.

शार्डोने हे द्राक्षाच्या जातीचं नाव. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात मॅकों शहराच्या आसपास याच नावाचं एक गावही आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून तिचे आईबाप शोधून काढले. एका बाजूला पिनो न्वार, म्हणजे बरगंडीचं मानाचं काळं द्राक्ष. दुसऱ्या बाजूला गुए ब्लाँ, ज्याला मध्ययुगात कुणी किंमत देत नव्हतं आणि ज्यावर अनेकदा बंदीही आली होती. लेक मात्र दोघांहून जास्त हिंडली.

या जातीला स्वतःचा ठसठशीत वास नाही. सोव्हिन्यों ब्लाँ किंवा मस्कत डोळे मिटून ओळखता येते, शार्डोने येत नाही. जागा आणि वाइन बनवायचं तळघर तिला जसं घडवतील तशी ती घडते. म्हणून एकाच नावाखाली दोन टोकांच्या वाइन विकल्या जातात. एक जाड, लोण्यासारखी, व्हॅनिलाच्या वासाची, साडेचौदा टक्के अल्कोहोलची. दुसरी सडपातळ, लिंबासारखी तरतरीत, साडेबारा टक्क्यांची. ‘मला शार्डोने नाही आवडत’ असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिली प्यायलेली असते.

थंड म्हणजे नेमकं काय

द्राक्षाच्या मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. हिरवं सफरचंद ज्यानं आंबट लागतं ते मॅलिक. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागला, की साखर भरायला लागते, आणि त्याच वेळी मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल जाळायला लागतो. हवा जितकी गरम, तितकं हे जळणं वेगानं. रात्रीही उकडत असेल तर साखर पुरेशी होईपर्यंत आम्ल संपत आलेलं असतं. रात्री गार असतील तर साखर हळू चढते, आम्ल टिकतं आणि वास तयार व्हायला वेळ मिळतो.

नाशिकच्या बागायतदाराला हे सांगायची गरज नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे घड पक्व होत जातो तसतसं ऊन वाढत जातं. उत्तर फ्रान्समध्ये याच्या बरोबर उलट. एप्रिलमध्ये वेलीवर कोंबांचे डोळे फुटतात, ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि सप्टेंबरच्या तोडणीपर्यंत दिवस आखूड आणि रात्री गार होत जातात. नाशिकला आम्ल राखण्याची काळजी, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या साखर भरेल की नाही याची. अकलूजला आणि नाशिककडे शार्डोने लावलेली आहे, तिची पिण्याजोगी वाइनही होते, पण ती ‘थंड प्रदेशातली’ नव्हे आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे. ती ताजी असतानाच प्यावी.

थंडी मोजायची एक जुनी रीत आहे. अमेरिन आणि विंकलर या डेव्हिसच्या दोघा शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ती मांडली. एप्रिल ते ऑक्टोबर रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश सेल्सिअस वजा करायचे आणि उरलेल्याची बेरीज करत जायची. सात महिन्यांची बेरीज १,३९० च्या आत राहिली तर तो सगळ्यात थंड गट. ही मोजणी ढोबळ आहे. समुद्रावरचा वारा, धुकं, उंची यांचा हिशेब तिच्यात नीट येत नाही. तरी दुकानात उभं राहून बाटली निवडताना आपल्याला इतकंही मोजावं लागत नाही. लेबलावर अल्कोहोल १२ ते १३ टक्के लिहिलेलं असेल तर ती बहुधा थंडीतून आलेली आहे. १४.५ असेल तर नाही.

शाब्ली, जिथे दवही गोठतं

थंड शार्डोने समजून घ्यायची तर शाब्लीपासून सुरुवात करावी. पॅरिसच्या आग्नेयेला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सेरें नावाच्या छोट्या नदीकाठचं हे गाव. कागदोपत्री बरगंडीत, प्रत्यक्षात बरगंडीच्या मुख्य पट्ट्यापासून लांब उत्तरेला. इथे पांढऱ्या वाइनसाठी शार्डोनेशिवाय दुसरं काही लावत नाहीत आणि बहुतेक वाइन स्टीलच्या टाक्यांत बनते, म्हणजे लाकडाचा पडदा मध्ये येत नाही. जात आणि हवा दोन्ही उघडी दिसतात.

या गावाची खरी लढाई एप्रिलच्या पहाटेशी असते. कोवळा डोळा फुटलेला असतो आणि पारा शून्याखाली दोन-तीन अंश जातो. २०१६, २०१७, २०२१ या तिन्ही वर्षी असंच झालं. मग रात्री दोन-तीन वाजता माणसं बागेत उतरतात आणि ओळींमधून पॅराफिनच्या मोठ्या मेणबत्त्या पेटवत जातात, हेक्टरी शेकड्यांनी. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू ठेवतात. धडपड तीच, फक्त आपल्याकडे ती भरलेल्या घडासाठी असते आणि तिकडे फुटलेल्या डोळ्यासाठी. शाब्लीचा दुसरा उपाय पहिल्यांदा ऐकला की उलटा वाटतो: वेलींवर रात्रभर पाण्याचे फवारे मारायचे. पाणी गोठताना उष्णता सोडतं. त्यामुळे फवारा अखंड चालू राहिला तर बर्फाच्या कवचातला डोळा शून्याच्या आसपासच राहतो, त्याखाली जात नाही. मध्येच पंप बंद पडला तर मात्र होता तो डोळाही जातो. सकाळी सगळी बाग काचेत घातल्यासारखी दिसते. फोटो फार सुंदर येतात आणि त्या वर्षी बाटलीचा भाव वाढतो.

ही मेहनत एके काळी लोकांना झेपेनाशी झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड आली, त्याआधीच रेल्वेनं दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसला पोहोचवली होती. १९५० च्या दशकात शाब्लीत जेमतेम ५०० हेक्टर उरले. आज साडेपाच हजारांहून जास्त आहेत.

शाब्लीच्या जमिनीबद्दल भाबडेपणानं बरंच काही सांगितलं जातं. माती किमरिजियन काळातली, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची, आणि तिच्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेले. हे खरं आहे, ढेकूळ हातात घेतलं तर शिंपा दिसतात. पण ‘म्हणून वाइनला समुद्राची चव येते’ हे विक्रेत्यांचं काव्य. वेल दगड पीत नाही. खनिजं ती घेते ती अतिशय थोडी आणि त्यांना चव अशी नसते. चुन्याच्या मातीचा फायदा वेगळा. पाणी साचत नाही, तरीही खोलवर ओल राहते, आणि वेल ना बुडते ना तडफडते. ग्लासातला तो ‘दगडी’ भास आम्ल जास्त, फळ कमी आणि गंधकाचे काही सूक्ष्म अंश यांतून येत असावा, असं आज जास्त पटतं.

पैशाचा हिशेब चार पायऱ्यांवर आहे. सगळ्यात खाली पती शाब्ली, मग साधं शाब्ली, मग प्रमिये क्रू, ज्यात ४० जागांची नावं येतात, आणि वर ग्राँ क्रू, नदीच्या उजव्या तीरावरचा नैर्ऋत्येकडे तोंड करून असलेला एकच उतार, त्याचे सात तुकडे मिळून १०० हेक्टरच्या आसपास. ग्राँ क्रू आता स्वस्तातल्या गप्पांत बसत नाही. माझ्या मते पैसा वसूल होतो तो दोन ठिकाणी: चांगल्या शेतकऱ्याचं साधं शाब्ली आणि कमी नावाजलेलं प्रमिये क्रू. डाव्या तीरावरचं व्हायों किंवा माँमें घ्या. उजव्या तीरावरच्या ‘माँते द तोनेर’च्या नावासाठी पैसे मोजावे लागतात, ते वाया जात नाहीत, पण मोजावे लागतात. १९२३ पासून चालत आलेली ‘ला शाब्लिझिएन’ ही सहकारी संस्था गावातली साधारण पाव वाइन बनवते. सहकारी म्हटल्यावर आपल्याकडे नाक मुरडलं जातं, इथे तसं करू नये.

तळघरात काय काय होतं

आंबवणं झालं की बहुतेक शार्डोनेत दुसरी एक क्रिया होऊ देतात. जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, म्हणजे दह्या-ताकातल्या आम्लात. याच वेळी डायअसिटाइल नावाचा पदार्थ तयार होतो, तो लोण्याचा वास देतो. थंड प्रदेशात मुळात आम्ल इतकं असतं की हे रूपांतर पूर्ण होऊनही वाइन तरतरीत राहते. गरम प्रदेशात तेच केलं तर ती बसकी होते.

मेलेल्या यीस्टचा गाळ खाली बसतो. वाइन त्याच्यावर काही महिने ठेवली की अंग भरतं, आणि तो गाळ प्राणवायू शोषून घेत असल्यानं वाइनचं रक्षणही होतं. राहिलं ओकचं पिंप. नवं पिंप व्हॅनिला, लवंग, भाजकेपणा देतं आणि किंमतही बरीच वाढवतं. जुनं पिंप वास देत नाही, फक्त थोडा श्वास घेऊ देतं. स्वस्त बाटलीवर ‘ओक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर आत बऱ्याचदा ओकच्या चिपा बुडवलेल्या असतात, पिंप नव्हे. अशी बाटली ठेवून सुधारत नाही. लाकूड तसंच राहतं आणि फळ निघून जातं.

एक बाटली, शांतपणे

समजा साध्या शाब्लीची दोन-तीन वर्षांची बाटली आहे, साडेबारा टक्क्यांची. फ्रिजमधून काढल्या काढल्या चार-पाच अंशांवर घोट घेतला तर गारवा आणि लिंबू यांपलीकडे काही कळणार नाही. ग्लासात थोडीशी ओता, एक तृतीयांशापेक्षा कमी, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. दहा ते बारा अंश ही तिची जागा.

रंग फिकट, कडेला हिरवट झाक. नाक जवळ नेलं की पहिल्या क्षणी कधी कधी विझवलेल्या काडीचा वास येतो. घाबरू नका, ते गंधकाचे अंश आहेत. ग्लास फिरवला की विरतात, आणि थोडेसे राहिले तर अनेकांना, मलाही, आवडतात. उकडलेल्या कोबीसारखा वास येत असेल आणि हलवूनही जात नसेल तर मात्र तो दोष. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर बूच खराब आहे. तिला वेळ देऊन उपयोग नाही, बदलून मागा. सगळं ठीक असेल तर लिंबाची साल, हिरवं सफरचंद, कच्च्या पेरचा वास आणि मागे कुठेतरी नुकत्याच भिजलेल्या चुन्याचा.

आता घोट. तोंडात फिरवा, गिळा, आणि मग लक्ष द्या. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आम्लामुळे. किती सुटतं यापेक्षा ते कसं येतं हे बघायचं. आम्ल एका टोकाला टोचत असेल आणि मधोमध पोकळी जाणवत असेल तर ती वाइन नुसती आंबट आहे. चार वर्षांनी ती चार वर्षं जुनी आणि आंबट असेल. स्वस्त थंड शार्डोनेत सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण पुस्तकं सांगतात की आम्ल म्हणजे आयुष्य, आणि लोक प्रत्येक आंबट बाटली जपून ठेवतात. आम्लाच्या पोटात काहीतरी हवं. तो भरीवपणा गोडव्यासारखा नसतो, थोडा खारट, थोडा साईसारखा लागतो. गिळल्यावर मनातल्या मनात आकडे मोजा. पाचापर्यंत चव संपली तर या आठवड्यात प्या. बारा-पंधरापर्यंत चव टिकली, आणि ती अल्कोहोलची जळजळ नसून लिंबाची आणि मिठाची असेल, तर दुसरी बाटली ठेवायला हरकत नाही.

नुसता केळं, अननस, लेमन गोळी असा वास झगझगीत येत असेल तर तो थंड तापमानात आंबवल्यानं तयार झालेल्या एस्टर नावाच्या सुवासिक पदार्थांचा असतो. मजा येते, पण वर्ष-दीड वर्षात तो उडतो, आणि त्याखाली दुसरं काही नसेल तर बाटली रिकामी वाटते.

आणखी एक घरगुती चाचणी आहे, ती मला कुठल्याही गुणांकापेक्षा भरवशाची वाटते. बाटली अर्धी प्या, बूच परत लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चाखा, तिसऱ्या दिवशीही. हवेशी झालेला हा जबरदस्तीचा संबंध म्हणजे खरं मुरणं नव्हे. तरी दुसऱ्या दिवशी वाइन जास्त मोकळी, जास्त भरलेली लागली तर तिच्यात ताकद आहे. मलूल, तपकिरी सफरचंदासारखी झाली तर उरलेल्या बाटल्या लवकर उघडा.

मुरताना काय बदलतं

लोणचं पहिल्या आठवड्यात चाखलं तर कैरी वेगळी लागते, मीठ वेगळं, मसाला वेगळा. तरुण शाब्लीचंही तसंच असतं, आम्ल एकीकडे, फळ दुसरीकडे. बाटलीतल्या वर्षांत आम्लाचं प्रमाण फारसं घटत नाही. प्रयोगशाळेत मोजलं तर जवळपास तेवढंच भरतं. ते मऊ लागतं, कारण आजूबाजूला दुसऱ्या चवी उभ्या राहतात. फळांचे एस्टर विरतात आणि हळूहळू मध, भिजवलेले बदाम, भाजलेले काजू, सुकं गवत, कधी अळंबी असे वास येतात. रंग फिकट हिरव्याकडून सोनेरीकडे जातो.

आम्ल इथे रखवालदाराचं कामही करतं. वाइनमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेला असतो, आणि त्याचा जंतूंवर काम करणारा भाग किती हे पीएचवर ठरतं (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). पीएच ३.१ असेल तर मुक्त सल्फरपैकी सुमारे ५ टक्के त्या रूपात असतो. पीएच ३.६ झाला तर दोन टक्केही नाही. ऑक्सिडेशनही कमी पीएचला हळू होतं. म्हणजे थंड प्रदेशातली वाइन कमी सल्फरमध्ये जास्त सुरक्षित राहते, आणि म्हणूनच वीस युरोंच्या आतलं शाब्ली ठेवता येतं, तितक्याच किमतीची गरम प्रदेशातली शार्डोने ठेवता येत नाही.

किती वर्षं? पती शाब्ली तीन वर्षांत संपवा. साधं शाब्ली चांगल्या हातचं असेल तर तोडणीच्या सालापासून तीन ते सहा. प्रमिये क्रू पाच ते दहा. मॅकोंच्या बाजूची, थोड्या उबदार भागातली व्हिरे-क्लेसे किंवा सँ-व्हेराँ तीन ते सहा. साल बघा. २०१८, २०२०, २०२२ ही उन्हाची वर्षं, त्यांच्या साध्या बाटल्या लवकर तयार होतात. २०२१ गार आणि कडक, तिला वेळ लागतो. मध्ये एक उदास टप्पा येतो, फळ गेलेलं आणि बदाम अजून आलेला नाही असा. अशी बाटली हाती लागली की लोक म्हणतात, ‘गेली.’ गेलेली नसते. पण कुठली खरंच गेली आणि कुठली नुसती रुसली, हे एकच बाटली घेतली तर कधीच कळत नाही. म्हणून एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्याव्यात आणि वर्षाच्या अंतरानं उघडाव्यात. एक महाग बाटली घेण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

खरंच गेलेली बाटली ओळखू येते. रंग वयाच्या मानानं फार गडद, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा, जुन्या अक्रोडाचा, आणि चव सपाट. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांच्या पांढऱ्या बरगंडीत हा अकाली म्हातारपणाचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसायला लागला, अगदी नामांकित आणि महागड्या बाटल्यांतही. बुचांची प्रत, सल्फर कमी वापरणं, रस काढायची बदललेली पद्धत, गाळ जास्त ढवळणं अशी कारणं सांगितली जातात, एकावर बोट ठेवता येत नाही. धडा घेऊन बऱ्याच शाब्लीवाल्यांनी बुचाचा चुरा साफ करून बनवलेलं ‘डियाम’ बूच स्वीकारलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं तर २००० च्या सुमारास बूचच सोडून स्क्रू कॅपकडे वळायला सुरुवात केली. स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाइन, हा आपल्याकडचा समज टाकून द्यावा. ठेवायच्या स्वस्त बाटलीला मी स्क्रू कॅपच पसंत करेन. एका पेटीतल्या सगळ्या बाटल्या सारख्या वयानं वाढतात.

पुण्या-मुंबईचा मे महिना

तळघराचं आदर्श तापमान १२-१३ अंश. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ३२ अंशांच्या कपाटात ठेवलेली वाइन चौपट वेगानं वय वाढवते, आणि नीट वाढवत नाही, कारण नको त्या क्रिया जास्त भरधाव सुटतात. वर वाइन प्रसरण पावून बूच ढकलते. बुचाच्या कडेनं चिकट ओघळ दिसला तर बाटली कधीतरी तापली होती, मग ती दुकानातली का असेना. दुकानात काचेच्या दर्शनी भागात उन्हात उभी केलेली बाटली घेऊ नका. उजेडानंही पांढरी वाइन बिघडते, पारदर्शक काचेतली सगळ्यात लवकर.

मुंबईची दमट हवा बुचाला चालते, उष्णता चालत नाही. छोटा वाइन कूलर घेणार असाल तर उत्तम. नाहीतर साध्या फ्रिजचा खालचा भाग, बाटली आडवी. फ्रिज कोरडा असतो, थरथरतो, हे सगळं बरोबर, पण वर्ष-दोन वर्षांसाठी तो स्वयंपाकघरातल्या माळ्यापेक्षा शंभर पटींनी बरा. फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार. निरुपद्रवी असतात. आणि घरात अशी जागाच नसेल तर ठेवायच्या भानगडीत न पडता ताजी प्यावी, त्यात कमीपणा नाही.

शाब्लीपलीकडे बघायचं तर ऑस्ट्रेलियात टास्मानिया, मेलबर्नजवळची यारा व्हॅली आणि मॉर्निंग्टन द्वीपकल्प, ॲडलेडच्या वरच्या टेकड्या. चिलीत लिमारी, जिथे प्रशांत महासागराच्या थंड प्रवाहामुळे पहाटे धुकं आत येतं आणि जमीनही चुन्याची आहे. दक्षिण आफ्रिकेत एल्गिन, मुळात सफरचंदांचा मुलूख. कॅनडात नायगारा. टोरांटोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ही शेवटची गाडीच्या अंतरावर आहे, त्यांनी शाब्लीसाठी पैसे घालवायच्या आधी तिथे जाऊन यावं.

भारतात आयात वाइनवर सीमा शुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिलं आहे, आणि राज्यांचे कर वेगळे. त्यामुळे तिकडची ‘स्वस्त’ बाटली इथे स्वस्त राहत नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं ७५ टक्क्यांवर आलं, पुढच्या दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. यारा किंवा टास्मानियाची चांगली शार्डोने बहुधा या दुसऱ्या गटात येते. म्हणून इथे राहून पैसे घालायचे झाले तर सध्या मी ऑस्ट्रेलियाकडे बघेन, आणि शाब्ली परदेशातून येताना सामानात आणेन, मोज्यांत गुंडाळून.

जेवणाचं म्हणाल तर तरुण शाब्लीला कालवं लागतात, रत्नागिरीकडची ताजी मिळाली तर प्रश्नच मिटला. बोंबील कुरकुरीत तळलेले चालतात, वर लिंबू पिळू नका, ते काम वाइन करते. मुरलेल्या बाटलीला नारळाच्या दुधातली कोळंबी किंवा लोण्यावर परतलेली अळंबी द्या, आणि मिरचीला त्या दिवशी सुट्टी.